पाच वर्षांपूर्वी कार्ड सेटल केलंय, आता पहिलं होम लोन मिळेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३२, कळव्यात भाड्याने राहतात, नोकरी ऐरोलीला, पगार हातात ७२,००० आणि मिसेसना २८,०००. २०२० ला लॉकडाऊनमध्ये नोकरी गेली, क्रेडिट कार्डावर १,१८,००० थकले, २०२१ मध्ये बँकेने ५२,००० घेऊन सेटल केलं. सध्या दुसरं एक कार्ड आहे, लिमिट ५०,००० आणि त्यावर ४०,००० बाकी, शिवाय बाईकचा हप्ता ६,५००. डाउन पेमेंटसाठी एफडी आहे. सिबिल स्कोअर ६९१. कासारवडवलीला रिसेलचा वन बीएचके बघितलाय ६२ लाखांचा, आणि एजंट म्हणतोय उद्या एक लाख टोकन द्या, लोनचं आपण बघून घेऊ.

सगळ्यात आधी, उद्या टोकन देऊ नका. एजंटचं ब्रोकरेज ऍग्रीमेंट झालं की सुटतं, लोन रिजेक्ट झालं तर तुमचे एक लाख अडकतील, त्याचं काही जात नाही.

मी अकरा वर्षं बँकेत होम लोनच्या क्रेडिट डिपार्टमेंटला होतो, म्हणजे फाईल पास-नापास करणाऱ्या खुर्चीत, आणि आता नौपाड्यात स्वतःचं लोनचंच काम करतो, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू बघून झाल्यात. सेल्सचा पोरगा तुम्हाला "हो जाएगा सर" म्हणतो ना, तो फाईल लॉगिन करेपर्यंतच, म्हणजे अर्ज बँकेच्या सिस्टिममध्ये चढेपर्यंतच, तुमचा असतो. नंतर ती फाईल जाते वागळे इस्टेटच्या नाहीतर अंधेरीच्या ऑफिसात बसलेल्या अशा माणसाकडे ज्याने तुमचं तोंडही बघितलेलं नाही, आणि त्याच्यासमोर असतो फक्त तुमचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आजवरच्या कार्डांची-कर्जांची नोंद.

तो रिपोर्ट कसा वाचतात ते सांगतो म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. स्कोअर ३०० ते ९०० च्या मधला आकडा, तो गेटवरच्या वॉचमनसारखा, आत सोडायचं की नाही तेवढंच ठरवतो. खरं वाचन खाली चालू होतं. प्रत्येक कार्डाचं, प्रत्येक लोनचं एक खातं आणि त्याच्याखाली छोटे छोटे चौकोन, महिन्याला एक, जास्तीत जास्त ३६. वेळेवर भरलंत तर ०००. मग बघत बघत जाताना ०३०, ०६०, ०९० असे आकडे यायला लागले की हात थांबतो, ते म्हणजे किती दिवस थकलं होतं. आम्ही त्याला डीपीडी, म्हणजे डेज पास्ट ड्यू, म्हणतो. आणि एक बारकी गोष्ट, हे ३६ महिने आजपासून मागे मोजत नाहीत, त्या खात्याचं शेवटचं रिपोर्टिंग जिथे झालं तिथून मागे. म्हणून तुमचं कार्ड २०२१ ला बंद झालं असलं तरी २०२० चे ते चौकोन अजून तिथेच आहेत आणि पाच वर्षं झाली म्हणून पुसले गेलेले नाहीत. सात वर्षांनी आपोआप साफ होतं असं सगळे सांगतात, पण क्रेडिट ब्युरोंना, म्हणजे या नोंदी ठेवणाऱ्या सिबिलसारख्या कंपन्यांना, माहिती कमीत कमी सात वर्षं ठेवावी लागते असा तो नियम आहे, सात वर्षं झाली की काढलीच पाहिजे असा नाही.

आता खरं सांगू का, २०२० चे चौकोन बघून मला स्वतःला कधी फार घाम फुटला नाही. त्या वर्षी कोणाचं काय झालं हे फाईल बघणाऱ्यालाही माहितीये, त्याचाही कोणीतरी भाऊ नाहीतर मेहुणा घरी बसलेलाच होता. रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२० ला मोरेटोरियम दिला, तो वाढवून ३१ ऑगस्टपर्यंत नेला, कार्डाच्या बिलालाही तो होता, आणि लाखो लोकांना वाटलं की सहा महिने माफ झाले. माफ काही नव्हतं, फक्त पुढे ढकललं होतं, व्याज चालूच होतं, आणि कार्डाचं व्याज म्हणजे महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. सप्टेंबरला बिल आलं तेव्हा डोळे पांढरे झाले. तुमचंही तसंच झालेलं दिसतंय.

तर चौकोनांचं समजावून सांगता येतं. जे समजावून सांगता येत नाही ते म्हणजे खात्याच्या वर लिहिलेला एक शब्द, सेटल्ड. बँकेने तुम्हाला जे पत्र दिलं त्यावर "फुल अँड फायनल सेटलमेंट" असं लिहिलं असणार आणि तुम्हाला वाटलं असणार की झालं एकदाचं फुल आणि फायनल. पण क्रेडिटवाला त्याचा अर्थ असा घेतो की या माणसाकडून १,१८,००० येणं होतं, ५२,००० आले, ६६,००० बँकेने सोडून दिले. पाच वर्षांपूर्वी थकवलं पण नंतर पूर्ण भरून क्लोज केलं अशा माणसाची फाईल बऱ्याच ठिकाणी पुढे सरकते, आणि त्याच्यापेक्षा कमी थकवून सेटल केलेल्याची अडते. बऱ्याच बँकांच्या पॉलिसीतच बसत नाही ते, मग वरच्या साहेबाकडून डेव्हिएशन, म्हणजे पॉलिसीबाहेरची परवानगी, घ्यावं लागतं, आणि ६९१ स्कोअरवाल्यासाठी डेव्हिएशन मागायला कोणी स्वतःहून जात नाही.

मग करायचं काय, तर ते ६६,००० भरायचे. हो, माहितीये, पाच वर्षांनी, बँकेने स्वतः सोडलेले पैसे, जिवावर येतं. माझ्याकडे येणारा प्रत्येक जण इथे खुर्चीत मागे टेकून हसतो. पण थांबा, हिशोब करू. समजा ४८ लाख लोन, वीस वर्षं. स्कोअर चांगला म्हणून साडेआठ टक्क्याने मिळालं तर हप्ता ४१,६५५. स्कोअर खालच्या स्लॅबमध्ये म्हणून सव्वानऊ लागला तर ४३,९६०. महिन्याला २,३०० रुपयांचा फरक, वीस वर्षांत साडेपाच लाख. आणि हे लोन मिळालं तर. तिकडे साडेपाच लाख आणि इकडे ६६,०००.

भरताना मात्र नीट भरा, यात लोक फार चुका करतात. बँकेच्या कस्टमर केअरला फोन करून काही होत नाही, ते म्हणतील सर तुमचं खातं बंद आहे, कार्ड नंबरच दिसत नाही. ईमेल लिहा, बँकेच्या वेबसाईटवर तक्रारी बघणाऱ्या नोडल ऑफिसरचा पत्ता असतो त्यांना सीसी, जुन्या सेटलमेंट लेटरची कॉपी जोडा, आणि सरळ विचारा की खातं सेटल्डचं क्लोज्ड करायला किती भरावे लागतील ते लेखी कळवा. कधी पूर्ण रक्कम मागतात, कधी नुसतं प्रिन्सिपल घेऊन भागवतात, दोन्ही बघितलंय, घासाघीस करायला लाजू नका. लेखी उत्तर आल्याशिवाय एक रुपया पाठवू नका, आणि पाठवाल तेव्हा बँकेने दिलेल्या खात्यातच एनईएफटी करा, वसुलीवाला म्हणाला मला जीपे करा मी भरतो तर फोन ठेवून द्या. मग नो ड्यूज लेटर मागा, त्यात कार्डाचा नंबर आणि बाकी शून्य हे शब्द पाहिजेत. बँकांची माहिती ब्युरोला पूर्वी महिन्याने जायची, जानेवारी २०२५ पासून ती दर पंधरा दिवसांनी जायला लागली, त्यामुळे महिना-दीड महिन्यात रिपोर्टवर फरक दिसायला पाहिजे. नाही दिसला तर सिबिलच्या साईटवर डिस्प्यूट टाका, फुकट आहे. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि त्यानेही हलले नाहीत तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारीच्या पोर्टलवर ओम्बड्समनकडे, म्हणजे लोकपालाकडे, तक्रार करता येते. तक्रारीचं नाव काढलं की ईमेलला उत्तरं पटापट येतात असा आपला अनुभव.

आणि हो, नुसतं सिबिल बघू नका. ब्युरो चार आहेत, सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, चौघांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. काही हाउसिंग फायनान्सवाले क्रिफचा काढतात आणि तिथे जुनंच राहिलेलं असतं, मग इकडे क्लोज्ड आणि तिकडे सेटल्ड. स्वतःचा रिपोर्ट स्वतः काढल्याने स्कोअर कमी होत नाही, ही भीती मनातून काढून टाका.

आता तुमचं चालू कार्ड, मला जुन्यापेक्षा याचीच जास्त काळजी वाटते खरं तर. ५०,००० चं लिमिट आणि ४०,००० वापरलेले, म्हणजे ऐंशी टक्के. तुम्ही मिनिमम ड्यू भरत असणार, २,००० च्या आसपास. आता बघा, ४०,००० वर साडेतीन टक्क्याने व्याज १,४००, त्यावर जीएसटी २५२, झाले १,६५२. म्हणजे दोन हजार भरले की बाकीतले साडेतीनशे कमी होतात. डीपीडी ००० दिसतो म्हणून तुम्ही निवांत, पण क्रेडिटवाल्याला काय दिसतं, २०२० ला कार्डावर बुडालेला माणूस आता परत कार्डावर गळ्यापर्यंत. जुन्या गोष्टीला लॉकडाऊनचं कारण चालतं, आजच्याला काय सांगणार.

एलिजिबिलिटीवर, म्हणजे किती लोन बसतं त्यावर, पण येतं ते. दोघांचे मिळून एक लाख. साधारण निम्मा पगार हप्त्यात जाऊ शकतो असं धरतात, कोणी साठ टक्केही धरतं, आपण पन्नासच धरू. त्यातून बाईकचे ६,५०० वजा, आणि कार्डाच्या बाकीचे पाच टक्के म्हणजे २,००० वजा, बरेच जण असंच कापतात. उरले ४१,५००. साडेआठ टक्क्याने वीस वर्षांना लाखाला ८६८ हप्ता, म्हणजे ४७.८ लाख लोन. आता ते कार्ड शून्यावर आणा, उरतील ४३,५००, लोन ५०.१ लाख. चाळीस हजार भरले आणि सव्वादोन लाखांनी एलिजिबिलिटी वाढली. हे मी लोकांना कागदावर लिहून दाखवतो कारण तोंडी सांगितलं तर विश्वास बसत नाही. डाउन पेमेंटसाठी एफडी करून ठेवलीये ना, सहा-सात टक्क्यांची, आणि शेजारी चाळीस टक्क्यांचं कार्ड चालवताय. मोडा त्यातले चाळीस हजार, आजच.

ते कार्ड बंद मात्र करू नका. शून्य करा, महिन्याला पेट्रोलचे हजार-पंधराशे टाका आणि बिल तयार व्हायच्या आधीच भरून टाका. ड्यू डेटच्या आधी नाही हां, स्टेटमेंटच्या आधी. ब्युरोला बाकी कळवतात ती ठरलेल्या तारखेला जी असेल ती, तुम्ही नंतर पूर्ण भरलं तरी त्या दिवशी ३५,००० दिसले तर ३५,००० च जातात.

आणि मोबाईलवरची ती पे लेटर ऍप्स. खाण्याची ऑर्डर देताना कधीतरी बटण दाबलेलं असतं आणि रिपोर्टवर दीड-दोन हजारांचं लोन म्हणून बसलेलं असतं. असली असतील तर भरून बंद करा.

एक केस सांगतो, यावरूनच. गेल्या वर्षी एक सिस्टर आल्या होत्या, कळव्याच्याच, हॉस्पिटलात नोकरी पक्की, नवऱ्याचा पगार चांगला, लोन फक्त ३८ लाख, आणि तीन ठिकाणी रिजेक्ट. कोणी कारण सांगेना, नुसतं "सिबिल इश्यू". रिपोर्ट काढला तर सगळं स्वच्छ आणि शेवटच्या पानावर एक कार्ड, रिटन ऑफ, म्हणजे बँकेने बुडीत धरलेलं, ८,७०० रुपये. त्या म्हणाल्या मी हे कार्ड वापरलंच नाही कधी. खरं होतं, सॅलरी अकाउंटबरोबर आलं होतं, फोनवर कोणाला तरी ओटीपी सांगून चालू झालं, ड्रॉवरमध्ये पडून राहिलं. पहिल्या वर्षी फी माफ, दुसऱ्या वर्षी ४९९, ती भरली नाही म्हणून लेट फी, त्यावर व्याज, त्यावर जीएसटी, असं करत करत ८,७००. बिलं जात होती जुन्या भाड्याच्या खोलीच्या पत्त्यावर. बाई त्या खुर्चीत बसून रडल्या हो. बँकेला तीन ईमेल, फी माफ करून घेतली नाही आम्ही, वाद घालत बसलो असतो तर समोरचा फ्लॅट गेला असता, ८,७०० भरले, एनओसी, म्हणजे तेच नो ड्यूज लेटर, घेतलं, दोन महिन्यांनी रिपोर्ट सुधारला आणि पहिल्या फटक्यात सँक्शन. सांगायचं म्हणजे रक्कम किती याला फार अर्थ नसतो, सेटल्डसारखाच रिटन ऑफ हा शब्द दिसला की फाईल तिथेच थांबते.

त्या सिस्टरची अजून एक चूक तुम्ही करू नका, ती म्हणजे एकाच आठवड्यात तीन-चार बँकांत लॉगिन. एजंट लोक हे हमखास करतात, चार ठिकाणी फाईल टाकतात, कुठून तरी निघेलच म्हणून. प्रत्येक बँक रिपोर्ट काढते, प्रत्येक वेळी एन्क्वायरी पडते, स्कोअर घसरतो, आणि पाचव्याला दिसतं की चार ठिकाणी मागून आलाय आणि कोणी दिलेलं नाही. आधी सगळं नीट करा, मग एका बँकेत टाका, फार तर दोन. आणि ज्या बँकेत सेटल केलं होतं तिच्या दारात जाऊ नका, ब्युरोत क्लोज्ड झालं तरी त्यांच्या स्वतःच्या सिस्टिमला आठवण असते.

मिसेसच्या नावावर लोन काढू का असं तुम्ही विचारलंय. २८,००० च्या निम्म्यात १४,००० हप्ता, सोळा लाख होतात, ६२ लाखांच्या घराला ते पुरणार नाहीत. तुमचा पगार धरायचा तर तुम्ही को-ऍप्लिकंट, आणि को-ऍप्लिकंट म्हटलं की तुमचाही रिपोर्ट निघणार. त्यांचा रिपोर्ट चांगला असेल तर त्यांना मेन ऍप्लिकंट ठेवून थोडा उपयोग होतो, काही बँका दर मेन ऍप्लिकंटच्या स्कोअरवर ठरवतात. घर एकट्या त्यांच्या नावावर घेतलं तर स्टँप ड्युटीत एक टक्का वाचतो, ठाण्यात सेस धरून सात टक्के आहे, म्हणजे ६२ लाखांवर ६२,००० वाचले. बघा, तेच तुमचे सेटलमेंटचे ६६,०००! पण मालकीचं काय करायचं तो तुमच्या घरातला विषय आहे, त्यात मी पडत नाही.

घाईच असेल तर दुसरा रस्ता आहे, हाउसिंग फायनान्स कंपनी. ते जरा मोकळ्या हाताने देतात, दर जास्त लावतात. फ्लोटिंग रेटच्या होम लोनवर व्यक्तीला प्रीपेमेंट चार्ज लावता येत नाही, त्यामुळे बारा-अठरा हप्ते वेळेवर भरून बँकेत बीटी, म्हणजे बॅलन्स ट्रान्सफर, मारता येते, लोन तिकडे हलवता येतं. पण प्रोसेसिंग फी, लीगल, नोटीस ऑफ इंटिमेशन (घर गहाण ठेवल्याची सरकारी नोंद) असा सगळा खर्च दोनदा होतो, आणि मधे नोकरी बदलली तर बीटी लटकते. मी तुमच्या जागी असतो तर चार-पाच महिने थांबलो असतो.

थांबताना दोन गोष्टींपासून लांब राहा. एक, "सिबिल क्लीन करून देतो" वाले. स्टेशनच्या बाहेर पत्रकं चिकटवलेली असतात, पंधरा-वीस हजार घेतात, खोटे डिस्प्यूट टाकतात आणि गायब होतात. खरी नोंद बँकेशिवाय कोणालाही बदलता येत नाही. दुसरं, ते फॉरवर्ड की आता पहिल्या लोनला सिबिल लागत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारने संसदेत सांगितलं ते असं की, आधी कधी कर्जच घेतलं नाही म्हणून क्रेडिट हिस्टरी नाही, एवढ्या एकाच कारणावरून अर्ज नाकारू नये. तुमचं पहिलं होम लोन असलं तरी हिस्टरी आहे, आणि ती बघितली जाणारच.

पैशांचं पण एकदा मांडून बघा. ६२ लाखांच्या घराला ८० टक्क्यांच्या वर लोन बसत नाही, म्हणजे ४९.६० लाख, ३० ते ७५ लाखांच्या लोनला तीच मर्यादा आहे. ४८ मिळाले तर १४ लाख तुमचे, स्टँप ड्युटी ४.३४ लाख, रजिस्ट्रेशन ३०,०००, आणि ब्रोकरेज वेगळं. स्टँप ड्युटी लोनमध्ये धरत नाहीत, हे ऐन रजिस्ट्रेशनच्या आठवड्यात कळलेली माणसं मी बघितलीत. तेव्हा साडेअठरा-एकोणीस लाख हातात आहेत का ते आधी.

टोकन द्यायचंच झालं तर पावतीवर एक ओळ लिहून घ्या, खरेदीदाराचं लोन मंजूर न झाल्यास टोकन पंधरा दिवसांत परत. विकणारा प्रामाणिक असेल तर सही करतो. नाही केली तर सोडून द्या, कासारवडवलीत वन बीएचकेचा तुटवडा नाहीये.

आता घरी गेलात की रिपोर्ट काढा आणि जुन्या कार्डाच्या पानावर देणाऱ्याचं नाव बघा. तिथे बँकेच्या ऐवजी कुठल्यातरी ऍसेट रिकन्स्ट्रक्शन कंपनीचं, म्हणजे बँकांची थकलेली कर्जं विकत घेणाऱ्या कंपनीचं, नाव दिसलं तर बँकेने तुमचं खातं विकलंय, मग वर सांगितलेला ईमेल बँकेला न करता त्या कंपनीला करायचा, एनओसीही त्यांचंच लागेल, आणि बँकेकडून खातं विकल्याचं पत्र सोबत मागून घ्यायचं. कोणाचं नाव आहे ते कळवा, ईमेलचा मसुदा मी देतो.